पळाले गिऱ्हाईक, कापला पगार

गेल्या रमजानमधली गोष्ट. मुंबईत मोहम्मद अली रोडच्या परिसरातले एक हॉटेल, रात्रीचा दीड वाजलेला. इफ्तारनंतर सुरू झालेली गर्दी सहेरीपर्यंत हटत नाही, हे त्या भागात गेलेल्या कुणालाही ठाऊक आहे. सात जणांच्या एका टोळक्याने जेवण केले, फिरनी मागवली आणि वेटर ती आणायला आत गेला तेवढ्यात टेबल रिकामे झाले. बिल होते १,८४० रुपयांचे. वेटर बिहारच्या किशनगंजचा, वय एकवीस-बावीस, पगार महिना बारा हजार. म्हणजे रोजचे चारशे. त्याने साडेचार दिवसांहून अधिक केलेले काम त्या एका टेबलाने खाल्ले, कारण ईदच्या आधी हिशोब झाला तेव्हा ती सगळी रक्कम शेठने त्याच्या पगारातून वळती केली.

आम्ही त्याला विचारले, तू काही बोलला नाहीस? त्याचे उत्तर आमच्या डोक्यातून जात नाही. तो म्हणाला, ‘साहब, टेबल तो मेरा था.’

टेबल त्याचे कसे? जागा शेठची, भटारखाना शेठचा, त्या रात्रीचा नफाही शेठचाच. त्या टेबलावर बसून दहा जणांनी भरपेट खाऊन पैसे दिले असते, तर त्यातला एक रुपयाही पोराचा झाला नसता. टीप मिळाली तर मिळाली. मग फक्त तोटा आला की टेबल वेटरचे होते, हा कुठला हिशोब?

हा प्रश्न एका हॉटेलचा नाही. उडुपी हॉटेलापासून हायवेवरच्या ढाब्यापर्यंत, परमिट रूमपासून बिर्याणी हाउसपर्यंत ही रीत चालते. आम्ही तिच्याबद्दल इथे लिहितो आहोत, कारण आमच्या वाचकांत हॉटेलमालकही आहेत आणि त्यांच्याकडे राबणाऱ्यांचे भाऊबंदही. घरातल्या गोष्टीवर आधी घरात बोलावे.

कायदा काय म्हणतो ते पाहू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ देशात लागू झाली आहे. तिच्या कलम १८ मध्ये पगारातून कोणत्या कपाती करता येतात त्याची यादी आहे; त्या यादीबाहेरची कपात बेकायदा. नुकसानीपोटी कपात करायची तर दोनच वाटा आहेत. एक, कामगाराच्या ताब्यात सांभाळायला म्हणून स्पष्टपणे सोपवलेला माल खराब झाला किंवा हरवला. दोन, ज्या पैशाचा हिशोब त्याने द्यायचा आहे तो पैसा गेला. आणि दोन्हींत एक अट आहे: नुकसान थेट त्याच्याच निष्काळजीपणामुळे किंवा कसुरीमुळे झालेले असले पाहिजे. हे काही नवे नाही. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातही हीच तरतूद होती. म्हणजे नव्वद वर्षे ही गोष्ट कायद्यात लिहिलेली आहे, आणि गल्ल्यापर्यंत अजून पोचलेली नाही.

आता हे त्या रात्रीला लावून बघा. गिऱ्हाइकासमोर ठेवलेली बिर्याणी ही वेटरला सांभाळायला दिलेली वस्तू नव्हे. ती वाढण्यासाठीच दिली होती. पैसे तर त्याच्या हातात आलेच नाहीत, मग हिशोब कसला द्यायचा? त्याने बिलाचे पैसे घेतले आणि गल्ल्यावर भरले नाहीत, तर गोष्ट वेगळी. पण फिरनी आणायला आत जाणे हा निष्काळजीपणा असेल, तर वेटरने काम तरी कोणते करायचे?

यावर मालक म्हणतात, तो दंड समजा. ठीक, दंड समजू. दंड कोणत्या कृत्यांसाठी, त्याची यादी आधी मंजूर करून घ्यावी लागते आणि कामाच्या जागी लावावी लागते. एका वेतनकाळात तो पगाराच्या तीन टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. बारा हजारांवर तीन टक्के म्हणजे ३६० रुपये. शिवाय दंडाची रक्कम मालकाच्या खिशात जात नाही, ती कामगारांच्याच भल्यासाठी खर्च करायची असते. कपात नुकसानीची असो वा दंडाची, आधी माणसाला त्याचे म्हणणे मांडू द्यावे लागते. ईदच्या आदल्या रात्री ‘तुझे इतके कापले’ एवढे सांगणे म्हणजे म्हणणे ऐकणे नव्हे.

मालकांची एक तक्रार मात्र खरी आहे, ती झटकून टाकू नये. काही वेटर ओळखीच्यांना फुकट खाऊ घालतात, बिलात कमी लिहितात, संगनमत करतात. होते असे. पण मग ते सिद्ध करा, त्याला विचारा, त्याच्यावर कारवाई करा. एका लबाडाच्या संशयावरून सगळ्यांचा पगार तारण ठेवता येत नाही. सहा टेबलांच्या खानावळीच्या मालकाला अठराशेचा फटका जाणवतो, हेही आम्हाला कळते. तरी तो फटका ज्याला कमी सोसवतो त्याच्याकडे सरकवणे, हा उपाय होत नाही.

उपाय जुनाच आहे. पूर्वीच्या इराण्याच्या किंवा आपल्या साध्या हॉटेलात गल्ला दाराशी असे आणि त्यावर मालक स्वतः बसे. गिऱ्हाईक उठले की वेटर आतूनच रक्कम ओरडून सांगे, गिऱ्हाईक दारात पैसे देऊन बाहेर पडे. दार सांभाळणे हे मालकाचे काम होते. आता बिल टेबलावर येते, गल्ला आत गेला, दारे दोन-तीन झाली, रस्त्यावरही खुर्च्या मांडल्या. आणि राखण मात्र आठ टेबले धावणाऱ्या पोराच्या अंगावर आली. गर्दीच्या दिवसांत आधी कूपन घ्या. रस्त्यावरच्या टेबलांचे पैसे ऑर्डरबरोबर घ्या. यूपीआयचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून निसटणारे हल्ली वाढलेत म्हणता, तर आवाज देणारी पेटी लावा. पैसे बुडवायच्या इराद्यानेच आलेला माणूस फसवणूक करतो. त्याच्यासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आहे. तक्रार मालकाने करावी.

पगार जाणार हे माहीत असलेला वेटर गिऱ्हाइकामागे रस्त्यावर धावतो, हेही विसरू नये. वाहनांच्या गर्दीत धावतो, कॉलर पकडतो, मार खातो किंवा देतो. आजच्या दिवसांत रात्री दोनच्या अशा हाणामारीला सकाळपर्यंत कोणता रंग चढेल, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

कामगाराला दाद मागता येते. संहितेनुसार तीन वर्षांच्या आत दावा करता येतो, युनियनलाही त्याच्या वतीने करता येतो, आणि कपात योग्य होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. कागदावर भक्कम आहे हे सारे. पण या पोराकडे नेमणुकीचे पत्र नाही, वेतन पावती नाही. झोपतो तो हॉटेलच्याच माळ्यावर. दावा केला त्या रात्री झोपायचे कुठे, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. म्हणून पहिली मागणी वेतन पावतीची आहे. ती देणे मालकाला आता बंधनकारक आहे. कपात लिहून द्यावी लागली, की निम्मे मालक ती करायला धजावणार नाहीत.

धर्माचा दाखला हवाच असेल, तर मजुराची मजुरी घाम वाळण्याआधी द्यावी ही हदीस आपल्याकडे मदरशातले पोरही सांगेल. आम्ही मात्र कायद्याचाच आग्रह धरू, कारण हदीस ऐकून मान डोलावणाऱ्या शेठनेच ही कपात केली आहे.

त्या शेठना आम्ही भेटलो. माणूस वाईट नाही. चहा पाजला, सगळे ऐकून घेतले. येत्या रमजानला बाहेरच्या टेबलांसाठी कूपन ठेवू, असे म्हणाले. १,८४० रुपयांचा विषय काढला तेव्हा म्हणाले, तो हिशोब मिटला. पोरगा आता त्यांच्याकडे नाही. भिवंडीत एका ढाब्यावर लागला आहे. तिथेही विचारले, गिऱ्हाईक पळाले तर? म्हणाला, ‘आधा मेरा, आधा सेठ का.’ आणि आधीपेक्षा बरे आहे, असेही म्हणाला.