सभासदांची यादी कुणाच्या कपाटात?

निजामाच्या अंमलात जाहीर सभा भरवायची तर गश्ती निशान ५३ प्रमाणे सरकारची पूर्वपरवानगी लागे. ती राजवट १९४८ साली कोसळली आणि १९५० साली स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने नांदेडात पीपल्स कॉलेज उभे राहिले, तेव्हा लोकांनी आपल्या संस्था आपणच चालवाव्यात ही गोष्ट मराठवाड्याला स्वातंत्र्याचेच एक अंग वाटली. मुंबई राज्याचा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमही त्याच १९५० सालचा. पुढे मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात विलीन झाल्यावर तो यथाकाल आपल्याकडेही लागू झाला.

आज नांदेड-लातूरकडील वाचनालय असो, क्रीडामंडळ असो वा शिक्षणसंस्था, १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदलेली प्रत्येक संस्था या दोन्ही कायद्यांच्या कक्षेत येते. तरीही तंट्याचे मूळ कायम राहते, ते सभासदांच्या यादीत. १८६० च्या कायद्याचे कलम १५ सांगते की, ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली त्याला मताचा अधिकार नाही. तत्त्व निर्दोष आहे. परंतु वर्गणी स्वीकारणारे आणि निवडणुकीस उभे राहणारे एकच असले, आणि वर्गणी घेऊन गेलेल्या सभासदास ‘पावतीपुस्तक चिटणीसांकडे आहे, ते परगावी गेलेत’ असे उत्तर मिळू लागले, म्हणजे हेच कलम सभासदाला बेदखल करण्याचे साधन होते. मग दोन गट, दोन कार्यकारिणी आणि विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली नव्वद दिवसांच्या मुदतीत दाखल झालेले परस्परविरोधी दोन बदल-अर्ज. निकाल लागेपर्यंत धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत, म्हणजे परिशिष्ट एकवर, जुनीच नावे, क्वचित दिवंगतांचीही.

कार्यकारिणीची यादी दरवर्षी मागणारा १८६० चा कायदा सभासदांची यादी मात्र मागत नाही. ती नोंदवही संस्थेच्याच कपाटात, म्हणजे सत्ताधाऱ्यांच्याच ताब्यात राहते. लेखापरीक्षित हिशेबाबरोबर ही यादीही दरसाल धर्मादाय कार्यालयात दाखल व्हावी, तिच्यावर हरकती मागवाव्यात आणि निवडणूक याच यादीवर व्हावी, असे माझे मत आहे. लहान वाचनालयांना हा जाच वाटेल, असा आक्षेप येईल. पण शंभर नावांची यादी करण्यास एक दुपार पुरते, आणि वर्षानुवर्षे चालणाऱ्या दाव्याचा वकीलखर्च त्याच वाचनालयाच्या ग्रंथखरेदीतून जातो. संस्था विसर्जित झाली तरी तिची शिल्लक मालमत्ता सभासदांना वाटून घेता येत नाही, असे त्याच १८६० च्या कायद्याचे कलम १४ बजावते. ज्या मालमत्तेवर संस्थापकाच्या मुलाचाही वारसाहक्क नाही, त्या संस्थेच्या मतदारयादीवर त्याची मक्तेदारी का चालावी?