ढिगाची उंची

आंबिया बहाराची तोड सुरू झाली की मोर्शी-वरुडकडे काम करणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांसमोर येणाऱ्या रुग्णाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "कंबर धरली जी." कार्डावर आपलंही ठरलेलं असतं. व्यवसाय : शेतमजूर. सल्ला : वाकू नये, जड उचलू नये, पंधरा दिवस आराम. चिठ्ठी खिशात जाते आणि माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा ट्रकच्या फाळक्याशी उभा असतो. तो हट्टी आहे म्हणून नव्हे. झाडावरचा संत्रा पंधरा दिवस थांबत नाही आणि घरची चूलही थांबत नाही. जो सल्ला पाळताच येणार नाही, त्याला उपचार म्हणणं मला जड जातं.

त्याच्या कामाकडे आपल्याच शास्त्राच्या नजरेने पाहू. अमेरिकेतल्या निऑश संस्थेचं वजन उचलण्याचं सूत्र, १९९१ साली सुधारलेलं, आपण सगळे परीक्षेपुरतं शिकलो. ते २३ किलोंपासून सुरू होतं; पण हे २३ किलो ओझं शरीरालगत, मांडीच्या उंचीवर आणि अंग न वळवता उचललं तरच. आता संत्र्याचं भरलेलं कॅरेट घ्या, साधारण २० किलोंचं. ते जमिनीवर आहे, हात जमिनीपासून १५ सेंमीवर आणि घोट्यांपासून ५० सेंमी पुढे. तिथून ४५ अंश वळून दीड मीटरवरच्या थरात टाकायचं. पुढच्या अंतराचा गुणक ०.५०, उंचीचा ०.८२, उचलण्याच्या पल्ल्याचा ०.८५, वळण्याचा ०.८६. उत्तर येतं सुमारे ७ किलो. मिनिटाला किती वेळा उचलतो, हे अजून धरलेलंच नाही. म्हणजे त्या जागी, त्या पद्धतीने उचललेलं २० किलोंचं कॅरेट मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट आहे.

आता कॅरेटमधलं एक फळही कमी करू नका. दोन रिकामी कॅरेट उलटी रचा आणि भरलेलं त्यावर ठेवा. हात ७५ सेंमीच्या आसपास येतात, कॅरेट पोटाशी धरता येतं, अंतर ३८ सेंमीवर येतं. माणूस ट्रककडे तोंड करून उभा राहिला तर वळणंही संपलं. तेच सूत्र आता १३ किलो सांगतं. २० किलो अजून जास्तच आहेत. पण मर्यादा जवळजवळ दुप्पट झाली, तीही एक रुपया न घालता. कमरेच्या कोणत्या व्यायामाने आपण एका सकाळीत इतकं साधतो?

खांद्याची गोष्ट निराळी. नागपुरी संत्र्याचं झाड पाच-सहा मीटर वाढतं. शेंड्याची फळं तोडणारा शिडीवर मान मागे टाकून, हात डोक्याच्या वर ठेवून तासन् तास असतो आणि एका खांद्याला झोला लटकलेला. सुप्रास्पायनेटसचा कंडरा त्या स्थितीत ॲक्रोमियनखाली चेपत राहतो, हे वाचकांना सांगायला नको. शिडी एक पायरी वर घेतली, तर हात खांद्याच्या पातळीला येतो. झोला दोन्ही खांद्यांवर पट्टे घेऊन पुढे बांधला, तर पाठ एका बाजूला कलत नाही. इतर देशांतल्या लिंबूवर्गीय बागांत तळ उघडणारा झोला वापरतात. फळं ओतायला वाकावं लागत नाही. तो शिवायला मोर्शीतला कोणताही चांगला शिंपी पुरे.

मग अडतं कुठे? कारखाना असता, तर २०२५ पर्यंत १९४८ च्या कारखाना अधिनियमाचं कलम ३४ होतं : इजा होईल इतकं ओझं कुणाला उचलायला लावू नये. बाजारातल्या हमालाला १९६९ चा माथाडी कायदा आहे. बागेतला तोडणारा या दोन्हींच्या बाहेर. शेतकरी बगीचा उभाच व्यापाऱ्याला देतो, व्यापारी मुकादमाला सांगतो, मुकादम टोळी आणतो. आपली शिफारस पाठवायची तर 'मालक' या शब्दासमोर कुणाचं नाव लिहाल? शिवाय कारखाना कायद्याच्या २९ रोगांच्या अनुसूचीत शिसं, सिलिका, गोंगाटाने येणारं बहिरेपण होतं. कमरेचं किंवा खांद्याचं दुखणं नव्हतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१० च्या यादीत स्नायू-सांध्यांच्या विकारांना स्वतंत्र जागा दिली. आपल्याकडे २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, तेव्हा कुठे पंपाकडे लक्ष गेलं. तोच भरलेला पंप पाठीवर वीसेक किलोंचा असतो, याकडे तेव्हाही गेलं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की आपला माणूस मुकादम आहे. कार्डावर 'शेतमजूर' लिहून थांबू नका. काय उचलतो, किती किलो, कुठून कुठे, दिवसात किती वेळा, हे चार रकाने भरा आणि मुकादमाशी बोला. त्याला दुखण्याची भाषा नको, खाड्यांची सांगा. कॅलिफोर्नियाच्या द्राक्षमळ्यांत टबाचं वजन सुमारे २६ किलोंवरून २१ वर आणलं, तेव्हा मजुरांच्या तक्रारी ठळकपणे घटल्या. हे उदाहरण त्याला पटेल. पण लगेच तो विचारेल, कॅरेट लहान झालं तर मजुरीचं काय? प्रश्न रास्त आहे. जिथे दर कॅरेटवर ठरतो, तिथे लहान कॅरेट म्हणजे त्याच दरात कमी माल व्यापाऱ्याच्या पदरात किंवा कमी दाम मजुराच्या हाती, भांडण ठरलेलं. दर किलोवर बांधला तरच कॅरेट १३ किलोंचं होऊ शकतं, आणि ही बोलणी तोड सुरू झाल्यावर होत नाहीत, बगीचा ठरतानाच होतात. आंबियाचे सौदे आटोपले आहेत. मृग बहाराची तोड फेब्रुवारीत येईल, त्याचे मुकादम आत्ता बगीचे पाहत फिरताहेत.