छोटे इंजिन, मोठी सवलत

वरळीच्या सागरी सेतूवर आणि २०२४ मध्ये टप्प्याटप्प्याने खुल्या झालेल्या किनारी रस्त्यावर वेगाची कमाल मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. ती गाठण्यास छोट्या मोटारीचे साधे इंजिन पुरेसे असते. तरीही त्याच आकाराच्या इंजिनातून अधिकाधिक शक्ती काढण्याची चढाओढ बाजारात चालू आहे. तिला केवळ ग्राहकांची हौस समजणे भाबडेपणाचे ठरेल. तिच्या पाठीशी सरकारचे करधोरणही आहे.

२००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने छोट्या मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. छोटी पेट्रोल मोटार म्हणजे कोणती? जिची लांबी चार मीटरहून आणि इंजिन १२०० सीसीहून अधिक नाही ती. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या दरांतही हीच मोजपट्टी कायम राहिली. मापात बसणाऱ्या मोटारीवर १८ टक्के कर, न बसणारीवर ४० टक्के.

टर्बोचार्जर या मोजपट्टीला चकवा देतो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये पेटंट घेतलेल्या या कल्पनेत, वाया जाणारा धूर एक चक्र फिरवितो आणि ते चक्र सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबते. हवा अधिक म्हणून इंधन अधिक, इंधन अधिक म्हणून शक्ती अधिक. सीसी मात्र तेवढेच! वरळीत कार्यालय असलेल्या महिंद्रने २०१९ मध्ये आणलेल्या ‘एक्सयूव्ही ३००’चे १२०० सीसीच्या आतील टर्बो इंजिन सुमारे ११० अश्वशक्तीचे होते. ऐंशीच्या आसपास अश्वशक्ती असलेली साधी कौटुंबिक मोटार आणि अशी मोटार कराच्या एकाच पंगतीत बसतात.

यात कारखानदारांचा दोष नाही. ते कायद्याच्या चौकटीतच वागतात. संथ चालविल्यास लहान टर्बो इंजिन इंधन वाचविते, हेही मान्य केले पाहिजे. परंतु ती बचत चालकाच्या मर्जीवर अवलंबून असते, सवलत मात्र आधीच पदरात पडलेली असते.

ज्या २०२५ साली मोटारींवरील कर उतरला, त्याच वर्षी मे महिन्यात ‘बेस्ट’च्या साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. वरळी नाक्यावर बसची वाट पाहणाऱ्या कामगाराला हा विरोधाभास अर्थशास्त्र न शिकताही उमगतो. कर आकाराऐवजी प्रत्यक्ष शक्ती आणि इंधनाचा प्रमाणित खप यांवर आकारला जावा. सामान्यांच्या नावाने दिलेली सवलत वेगाच्या हौशीवर खर्च व्हावी, हे न्यायाला धरून नाही.