काच फोडायला एवढा वेळ का लागला?

सुरुवातीलाच कबुली देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका निघतील. त्या संपादकांच्या नावावर लिहा. मागच्या अंकाला मी कविता देणार होते, ती काही झाली नाही (सगळ्यांचंच भलं झालं!). या वेळी मात्र सांगण्यासारखं आहे, आणि ते इंग्लिश सेक्शनला द्यावंसं वाटलं नाही. कारण घडलं ते उमरग्याला, आणि तिथे त्या दुपारी कोणी इंग्लिशमध्ये ओरडत नव्हतं.

विषय तसा फालतू वाटेल. गाडीच्या मागच्या दाराची काच फुटली, ती बदलली. बस्स. पण ती का फुटली, आणि फुटायला उशीर का झाला, हे मला लिहायचंय.

मे महिन्याची सुट्टी. मी मामांकडे होते. ज्यांना उमरगा माहीत नाही त्यांच्यासाठी : सोलापूर-हैदराबाद हायवेवर, सोलापूरपासून शंभरेक किलोमीटर, थोडं पुढे गेलं की कर्नाटक लागतं. घरात मराठी, बाजारात मराठी, हिंदी आणि कानडीची भेळ. आणि मे महिन्यात दुपारी एक वाजता रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही.

मामा, मामी, मामेबहीण म्हणजे ताई, तिचा दोन वर्षांचा मुलगा आणि मी असे बाजारातून परत येत होतो. मामांना नळाचं काहीतरी सामान हवं होतं म्हणून हायवेच्या कडेला एका दुकानासमोर गाडी थांबवली. बाळ चिडचिड करत होतं. मी त्याच्या हातात गाडीची किल्ली दिली, खेळायला. हो, मीच दिली. ताई पाण्याची बाटली आणायला उतरली, मामी पाय मोकळे करायला, मी डिकीतली पिशवी नीट करायला. दारं लागली, आणि आतून ‘टक्’ असा आवाज आला. मामांनी गाडीला बाहेरून सेंट्रल लॉकिंग बसवून घेतलंय, त्याचा रिमोट किल्लीलाच अडकवलेला. चारही दारं बंद. बाळ आत. किल्ली त्याच्या हातात.

पहिली दोन मिनिटं आम्ही चक्क हसत होतो. तोही हसत होता. “बाळा, दाब बटण, दाब!” त्याने किल्ली खाली टाकली, ती सीटखाली गेली. मग हसणं थांबलं.

दुसरी किल्ली घरी, कपाटात. दुकानातला एक मुलगा मोटारसायकलवर ती आणायला गेला. “येतीय की किल्ली, दहा मिनिटं थांबा,” असं मामा सगळ्यांना सांगत होते, खरं म्हणजे स्वतःलाच. ताई काच बडवत होती. ती म्हणाली फोडा, मामा म्हणाले तुकडे त्याच्या अंगावर उडतील. मी काय म्हणाले ते मात्र मला अजून झोपू देत नाही. मी म्हणाले, “मोठी नको, मागची ती त्रिकोणी छोटी फोडू, ती स्वस्त असेल.”

स्वस्त! आत बाळ लाल झालेलं, केस कपाळाला चिकटलेले, आणि मी एस्टिमेट काढत होते. तेही चुकीचं. नंतर कळलं की ती छोटी काच कितीतरी गाड्यांमध्ये रबरात किंवा चिकटवून घट्ट बसवलेली असते, बदलायला जास्त किचकट, आणि फोडली तरी तिच्यातून हात लॉकपर्यंत पोचेलच असं नाही.

मग मामांनी दगड घेतला आणि ड्रायव्हरच्या मागच्या दाराच्या काचेवर मधोमध मारला. दगड परत आला. पुन्हा मारला, पुन्हा तेच. तेवढ्यात बाळाचं रडणं कमी झालं. शांत झालं म्हणून बरं वाटायला हवं ना? उलट त्याच वेळी सगळ्यांचे चेहरे पांढरे पडले.

शेजारच्या गॅरेजमधले एक चाचा आले. कोणाला काही विचारलं नाही. “हटो बाजू,” एवढंच. हातात सेंटर पंच आणि हातोडी. पंच काचेच्या खालच्या कोपऱ्यात टेकवला, एक ठोका. ‘फट्’ झालं आणि अख्खी काच एका क्षणात पांढरी झाली, भिजवलेल्या साबुदाण्यासारखी. हाताला फडकं गुंडाळून त्यांनी ती ढकलली, आत हात घालून लॉक वर ओढलं. संपलं. बाळ त्या वेळी पलीकडच्या बाजूला होतं. अंगावर दोन-चार दाणे पडले, एकही ओरखडा नाही.

फोनमधली कॉल लिस्ट नंतर बघितली. मी घरी किल्लीसाठी केलेला फोन आणि ताईने डॉक्टरांना केलेला फोन, यांत चौदा मिनिटं आहेत. डॉक्टरांनी तपासलं, गार खोलीत ठेवा, थोडं थोडं ओआरएस पाजा म्हणाले. संध्याकाळी साहेब कलिंगड खात होते.

आता मित्रांनो, तो सेंटर पंच आपण सगळ्यांनी हातात धरलाय! फर्स्ट इयरला फिटिंग शॉपमध्ये, ड्रिलिंगच्या आधी खूण करायला. मी तर जॉब दोनदा रिपीट केलाय. शिवाय सेकंड इयरला मटेरियल सायन्समध्ये टफन्ड ग्लासवर आठ मार्कांचा प्रश्न लिहिलाय. काच सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि दोन्ही बाजूंनी हवेचे झोत मारून झटकन थंड करतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला नंतर आकसू पाहतो. म्हणून पृष्ठभाग कायम दाबाखाली आणि पोट कायम ताणाखाली. हा दाबाचा थर दोन्ही बाजूंना जाडीच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतका असतो. दगडाचा मार पसरतो, काच जराशी वाकते आणि दगड परत पाठवते. टोकदार पोलाद मात्र एकाच बिंदूवर तो थर भेदतं. चीर ताणाच्या भागात पोचली की साठलेली ऊर्जा एकदम सुटते आणि तिचे बारीक चौकोनी दाणे होतात. म्हणूनच ते दाणे सुरीसारखे कापत नाहीत. मामांची भीती, तुकडे अंगावर उडतील ही, पुढच्या काचेबद्दलही खरी नाही. ती वेगळी असते, दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर. ती तडकते पण जागची हलत नाही, त्यामुळे ती फोडायच्या नादाला लागूच नये.

हे सगळं मला येत होतं. पेपरात लिहिलंय, मार्क मिळालेत. आणि रस्त्यावर उभी राहून मी ‘छोटी फोडा’ म्हणत होते.

बरं, काच बदलण्याकडे वळू. कारण ज्या खर्चाला आम्ही घाबरलो तो किती निघाला, हे कळायलाच हवं.

रात्रभर गाडी प्लॅस्टिकची पिशवी आणि टेप लावून उभी होती. सकाळी एकाने सांगितलं, चारशे रुपयांत काच कापून बसवून देतो. मामा लगेच तयार! इथे माझी डिग्री पहिल्यांदा घरच्या कामाला आली. टफन्ड काच एकदा तयार झाली की कापता येत नाही, भोकसुद्धा पाडता येत नाही. कापायला गेलं तर तिचा साबुदाणाच होतो. म्हणजे जो माणूस तुमच्या डोळ्यांसमोर हिऱ्याने काच कापून देतो, तो खिडकीची साधी काच देतोय. ती फुटली की तिच्या लांब सुऱ्या होतात, आणि त्या बाळाच्या गळ्याच्या उंचीवर असतात. मी हे जरा मोठ्या आवाजात सांगितलं. मामा गप्प झाले. मामी म्हणाल्या, “ऐका जरा लेकरू काय म्हणतंय ते.”

भंगारातली त्याच मॉडेलची काच चालली असती, फक्त तिची कड उडालेली नको. पण ती मिळाली नाही. मग सोलापूरहून नवीन मागवली, ट्रॅव्हल्सच्या गाडीतून पार्सल. दुकानदाराने फोनवर विचारलं, कुठल्या बाजूची? मी गाडीच्या तोंडासमोर उभी होते, म्हणाले लेफ्ट. संध्याकाळी क्लीनर साइडची काच आली! या धंद्यात लेफ्ट-राइट बोलतच नाहीत, ड्रायव्हर साइड आणि क्लीनर साइड बोलतात, आणि ते किती शहाणपणाचं आहे हे मला पार्सलचे शंभर रुपये जास्त मोजून कळलं.

काच चाचांनीच बसवली, मी शेजारी बसून पाने दिले. आधी काच वर-खाली करायचं हँडल काढायचं. त्याच्या मागे एक बारीक क्लिप असते, दिसत नाही. चाचांनी हँडलच्या मागे कापडाची चिंधी घातली, बूट पुसतात तशी दोन्ही टोकं धरून इकडे-तिकडे ओढली, आणि क्लिप टुणकन बाहेर. (मी ती पकडली नसती तर अजून शोधत असतो.) मग आर्मरेस्टचे स्क्रू, मग दाराचं आतलं पॅड कडेने हलकेच उचकटायचं. त्याच्या मागे प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो फाडायचा नाही, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून तो असतो. दाराच्या पोटात मूठ-दोन मूठ दाणे साठले होते. दार हलवलं की खुळखुळा. ते सगळे काढावे लागतात, नाहीतर खालची पाणी जायची भोकं बुजतात आणि दार आतून गंजतं. मग मोठी आणि त्रिकोणी काच यांच्यामधली उभी पट्टी सैल करायची, नवी काच तिरकी धरून वरून आत सोडायची, खाली मशीनवर टेकवायची. स्क्रू आधी अर्धेच आवळायचे, काच दोन-तीनदा वर-खाली करून रबरात सरळ चालते का बघायचं, मगच घट्ट. पाऊण तास.

खर्च : काच १,४५०, पार्सल दोन वेळचं २००, मजुरी ४००. एकूण २,०५० रुपये. आपल्या हॉस्टेलमध्ये मोबाइलचा डिस्प्ले फुटला की याहून जास्त जातात, आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. इन्शुरन्सचा क्लेमही केला नाही. काचेला घसारा कापत नाहीत हे खरं, पण छोट्या गाडीला पहिले हजार रुपये आपलेच, आणि वर नो क्लेम बोनस जातो. तो पाच वर्षांत वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असतो. एका काचेसाठी तो घालवण्यात अर्थ नव्हता.

मामांचं एक वाक्य मात्र मला पटलं नाही. काच बसल्यावर म्हणाले, आता चारही काचांना काळी फिल्म मारून घेतो, ऊन तरी लागणार नाही. त्यावरून आमचं भांडण झालं. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ ला काळ्या फिल्मवर बंदी घातली. पुढे नियमात बदल झाले, वाद झाले, पण पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, हे आकडे तसेच आहेत. कायदा जाऊ दे. आत काय चाललंय हे बाहेरच्याला दिसलं नाही, तर चाचा कशासाठी धावत येतील? शिवाय फिल्म लावलेली काच फुटली तरी चिकटून राहते, आणखी मिनिट जातं.

मिनिटांचं का एवढं? २००५ साली अमेरिकेतल्या ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात उन्हातल्या बंद गाडीची मोजमापं छापून आली. तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंश सेल्सिअसने चढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच. काच जराशी उघडी ठेवूनही फारसा फरक नाही. तिथे बाहेरचं ऊन आपल्या मेमधल्या मराठवाड्याइतकं नव्हतंसुद्धा. आणि लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं. नागपुरात जून २०२३ मध्ये तीन लहान मुलं घराजवळच उभ्या असलेल्या गाडीत गेली. लोक त्यांना सगळीकडे शोधत होते.

माझं म्हणणं एवढंच आहे की काच फोडायचा निर्णय रस्त्यावर घ्यायचा नसतो, तो आधी घेऊन ठेवायचा असतो. दारं, डिकी एकदा ओढून बघा, ११२ ला फोन लावा, आणि आत मूल असेल, ऊन असेल, तर किल्लीची वाट बघू नका. मुलापासून लांबच्या बाजूची मोठी काच, खालचा कोपरा, टोकदार पोलाद. आणि आजच आपापल्या गाडीच्या काचेवरचा कोपऱ्यातला छापा वाचा. हल्ली काही महागड्या गाड्यांना बाजूलाही लॅमिनेटेड काच असते, ती पंचाने अशी फुटत नाही. ज्यांच्याकडे तशी आहे त्यांनी कुठली काच टफन्ड आहे हे शोधून ठेवलेलं बरं.

हे हॉस्टेलवाल्यांसाठी नाही, आमच्याकडे कुठली गाडी? स्टाफ क्वार्टर्समध्ये मात्र गाड्याही आहेत आणि छोटी मुलंही. गेटवरच्या सिक्युरिटी काकांकडे मी चौकशी केली, त्यांच्या खोलीत शिट्टी आहे, रजिस्टर आहे, टॉर्च आहे. पंच नाही. फिटिंग शॉपमध्ये मात्र एक अख्खा ड्रॉवर भरून आहेत.

म्हणून वर्कशॉपच्या सरांना मी अर्ज दिलाय. फर्स्ट इयरच्या प्रॅक्टिकलमध्ये एक दिवस द्या. गॉगल आणि ग्लोव्हज घालून प्रत्येक बॅचने एक काच फोडायची आणि दुसरी बसवायची. सिक्युरिटी काका आणि ड्रायव्हर काकांनाही बोलवा. सर म्हणाले, सिलॅबसमध्ये नाही. मग म्हणाले, काच कुठून आणणार? वर्कशॉपच्या मागे ती जुनी व्हॅन कित्येक वर्षं गंजत पडलीये ना, तिच्या दारांच्या तीन काचा अजून शाबूत आहेत. मी मोजून आले.