म्हणे, सरळ चालव!

परवा मोमीनपुऱ्याजवळ एका रिक्षावाल्याने माझ्या वर्गातल्या मुलीला झापलं, "ए, सरळ चालव ना!" तिचं पुढचं चाक जरासं डावीकडे गेलं होतं. का? तिला उजवीकडे वळायचं होतं.

हसू नका, करून पाहा. मोकळ्या मैदानात, बऱ्यापैकी वेगात हँडलची उजवी मूठ हलकेच पुढे ढकला. चाक क्षणभर डावीकडे जातं, सायकल उजवीकडे झुकते आणि उजवीकडेच वळते. झुकल्याशिवाय वळण नाही. विमानवाल्या राइट बंधूंचं मुळात सायकलचं दुकान. त्यातल्या विल्बरला हे शंभर वर्षांपूर्वी ठाऊक होतं. आपणही रोज हेच करतो, फक्त कळत नाही. सरळ जातानासुद्धा तोल ज्या बाजूला जाईल त्याच बाजूला हँडल वळवून सावरावं लागतं. म्हणजे सायकल थोडी डुलणारच, आणि डुलायला जागा लागते.

सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यात ती जागा कुठे आहे? २०१७ साली सायकल आराखडा मंजूर झाला. पण सायकल मार्गावर जाऊन बघा: मध्येच खांब, लावलेल्या दुचाक्या, पुढे एकदम काटकोन. हे आखणारे कधी सायकलवर बसले होते का?

आणि आपले अब्बाजान! पोरगी एकदा पडली की सातवीनंतर सायकल बंद, भावाची मात्र चालू. तिला चालवता येत नाही म्हणून ती पडली, हे कोणी ठरवलं? रागवायचं तर त्या खांबावर रागवा, आणि तिच्या सायकलचं कुलूप काढा.