शुक्रवारची बिर्याणी आणि वहीवाला वॉचमन

शुक्रवार, रात्रीचे साडेनऊ. बिर्याणी टेबलावर, सिनेमा पॉजवर आणि माझी डीबीए रूममेट फोनवर. ‘दहाच मिनिटं गं!’ असं ती म्हणाली होती... आठ वाजता!

झालं होतं काय, तर सहा लाख ग्राहकांचे दर एका फटक्यात बदलायचे होते. कमांड एका ओळीची. पण त्या टेबलवर (बिर्याणीच्या नव्हे!) एक ट्रिगर बसलेला. ट्रिगर म्हणजे सोसायटीचा वॉचमन. कुणी आत-बाहेर केलं की न सांगता वहीत नोंद करणार. एरवी दिवसाला शंभरेक बदल, त्यामुळे कुणाला पत्ताही नाही. पण हा प्रत्येक रो-साठी वेगळा उठणारा. सहा लाख वेळा वही उघडा, लिहा, मिटा. एका नोंदीला 5 मिलिसेकंद धरले तरी 50 मिनिटं! आणि तोवर त्या रो लॉक. बाकीचे अपडेट रांगेत.

‘मग बंद कर ना तो ट्रिगर,’ मी एक्स्पर्टच्या थाटात म्हटलं. बॉसही फोनवर तेच सांगत होता म्हणे. तिनं असं काही बघितलं की मी गप्प.

गेल्या वर्षी तिनं तेच केलं होतं. पोस्टग्रेसमध्ये ‘डिसेबल ट्रिगर’ म्हटलं की तो तुमच्यापुरता नाही, सगळ्यांसाठीच बंद होतो. काम संपलं, ही झोपली, परत चालू करायचं राहूनच गेलं. त्याच वीकेंडला कुणीतरी एका मोठ्या ग्राहकाचा दर चुकीचा टाकला. वहीत नाव नाही. मग काय, ड्यूटीवरच्या ज्युनियरच्या माथी! त्यानं ते केलं नव्हतं हे सिद्ध करायला पुरावाच नव्हता. दोन महिन्यांत त्यानं नोकरी सोडली.

‘त्याचा नंबर आहे अजून माझ्याकडे,’ ती म्हणाली. ‘लावत नाही.’

मग टेस्ट कॉपीवर ‘एक्स्प्लेन अ‍ॅनलाइझ’. कुठला ट्रिगर किती वेळा उठला, किती वेळ खाल्ला, सगळं दिसतं. (सांभाळून हं, ही कमांड अपडेट खरोखर चालवते. रोलबॅक हवाच.) कॉल्स : सहा लाख. तिनं ट्रिगर नव्यानं लिहिला, अख्ख्या कमांडसाठी एकदाच उठणारा. बदललेल्या सगळ्या रो त्याला एकगठ्ठा मिळतात. ही सोय पोस्टग्रेसमध्ये 2017 साली दहाव्या व्हर्जनपासून आली. मायएसक्यूएलवाल्यांनो, सॉरी, तुमच्याकडे ट्रिगर रो-गणिकच.

पुन्हा टेस्ट. कॉल्स : 1. नोंदी सहा लाखच, पण वही एकदाच उघडली. मग लाइव्हवर. चार मिनिटांत काम फत्ते!

बिर्याणी दीड वाजता गरम केली. सिनेमा राहिलाच. झोपायच्या आधी तिनं परत लॅपटॉप उघडला. ट्रिगर चालू असला की सिस्टीमच्या यादीत त्याच्यापुढे ‘ओ’ दिसतो, बंद असला की ‘डी’.

‘ओ’ होता. तिनं दोनदा बघितलं आणि मग लाइट घालवला.