लघवीच्या नळीलाही निघण्याची तारीख हवी

लकवा झालेल्या माणसाला भेटायला येणारे पाहुणे हात हलतो का, बोलता येते का, जेवण जाते का, असे सगळे विचारतात. एक प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही आणि घरचेही आपणहून सांगत नाहीत. लघवीचा ताबा आहे का, हा तो प्रश्न. खोलीत वास येत असतो, दोरीवर रोज चादरी वाळत असतात, पण विषय निघत नाही. डॉक्टरांकडे गेल्यावरही रक्तदाब आणि गोळ्या यांचे बोलणे होईपर्यंत बाहेर पुढचा नंबर पुकारला जातो. आजच्या सदरात हा न निघणारा विषयच घ्यायचा आहे.

आधी आकडे पाहू. मेंदूचा झटका येऊन रुग्णालयात दाखल होणाऱ्यांपैकी ४० ते ६० टक्के लोकांना लघवी धरता येत नाही. घरी जाताना सुमारे २५ टक्के लोकांचा हा त्रास उरलेला असतो आणि एक वर्षानंतर सुमारे १५ टक्के लोकांचा. म्हणजे हा त्रास फार मोठ्या संख्येने होतो, आणि बऱ्याच जणांचा तो कमीही होतो. असे असताना घरोघरी समजूत अशी की, लकव्याबरोबर लघवीचा ताबा गेला तो कायमचा गेला. मग नळी घालून किंवा डायपर बांधून सगळे मोकळे होतात. हात-पाय सुधारावेत म्हणून फिजिओथेरपिस्टला घरी बोलावणारे कुटुंब मूत्राशयही सुधारू शकते, हे ऐकलेलेच नसते. माझा आक्षेप आहे तो या हात टेकण्याला.

मूत्राशय ही स्नायूंची पिशवी आहे. मोठ्या माणसात तिच्यात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. पिशवी भरत आली की मेंदूला निरोप जातो आणि मेंदूचा पुढचा भाग तिला बजावतो, ‘थांब, जागेवर पोचू दे.’ लकव्याने ही हुकमाची वाट बिघडली की पिशवी आपल्या मर्जीने आवळते. कळ आली की मिनिटभरही दम निघत नाही. दुसऱ्या प्रकारात पिशवी सुस्त पडते. लघवी आत तुंबते आणि भरलेल्या माठातून पाझरावी तशी थेंब थेंब गळते. हा प्रकार झटक्यानंतरच्या पहिल्या दिवसांत विशेष दिसतो. तिसऱ्या प्रकारात मूत्राशय ठीकच असते, पण माणूस वेळेवर पोचत नाही. खाटेवरून उठायला वेळ लागतो, पायजम्याची नाडी एका हाताने सुटत नाही, किंवा वाचा गेल्यामुळे ‘मला जायचे आहे’ हे सांगताच येत नाही.

तिन्ही प्रकारांत कपडे ओलेच होतात, पण उपाय निरनिराळे आहेत. लघवी तुंबलेली असताना पिशवी सैल करणारी गोळी दिली तर ती आणखी तुंबेल. म्हणून तपासल्याशिवाय उपाय नको. लघवीत जंतू आहेत का, साखर वाढली आहे का, हे पाहावे. पोट साफ होते का, हेही पाहावे, कारण आतड्यात साठलेला कडक मळ मूत्राशयाला दाबतो. पुरुषांत प्रोस्टेटची गाठ वाढलेली असू शकते. लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरली, हे सोनोग्राफीत कळते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल आणि ती संध्याकाळी घेतली जात असेल, तर सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. कधी कधी एवढ्यानेच रात्र बरी जाते.

आता नळीविषयी. रुग्ण बेशुद्ध आहे, लघवी अडली आहे, अशा वेळी नळी लागतेच. वाद तिच्याशी नाही, ती विसरून जाण्याशी आहे. नळी आत असेपर्यंत लघवीत जंतू शिरण्याचा धोका दर दिवसाला सुमारे ३ ते ७ टक्क्यांनी वाढत जातो. महिनाभर राहिली तर जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. त्या प्रत्येकाला ताप येतोच असे नाही, पण ज्याला येतो त्याची प्रकृती पुन्हा मागे जाते. शिवाय पिशवी सांभाळत चालण्याचा व्यायाम करायला माणूस कंटाळतो. म्हणून रुग्णालयातून निघताना तीन गोष्टी विचारून कार्डावर लिहून घ्याव्यात : नळी कशासाठी आहे, ती कोणत्या तारखेला काढायची आणि काढल्यावर किती तासांत लघवी झाली पाहिजे. असे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. टाके काढण्याची तारीख आपण विचारतोच, मग नळीची का विचारू नये? मात्र नळी घरी स्वतः ओढून काढू नये. तिच्या टोकाला आत पाण्याने भरलेला फुगा असतो, त्याने इजा होते.

नळी काढल्यावरही लघवी तुंबतच राहिली तरी कायमची नळी हा एकच मार्ग उरत नाही. अमेरिकेतील मिशिगन येथील डॉ. जॅक लॅपिडेस यांनी १९७२ साली एक साधी पद्धत मांडली. हात स्वच्छ धुऊन, स्वच्छ नळीने दिवसातून ठरावीक वेळा लघवी काढायची आणि नळी लगेच बाहेर घ्यायची. आज ही पद्धत जगभर वापरतात. शिकवून घेतली तर घरच्या माणसालाही ती जमते.

ज्यांची लघवी तुंबत नाही, पण धरता येत नाही, त्यांच्यासाठी खरा उपाय वेळापत्रकाचा आहे. वही घ्या आणि तीन दिवस नोंद ठेवा : पाणी-चहा किती वाजता दिला, लघवी किती वाजता झाली, कपडे किती वाजता ओले झाले. तीन दिवसांत काही ठरावीक वेळा दिसू लागतात. समजा, सकाळी सातच्या चहानंतर साडेआठला अंथरूण ओले होते. तर सव्वाआठलाच उठवून कमोडवर बसवावे. जागेपणी सुरुवातीला दर दोन तासांनी न्यावे, कळ आलेली असो वा नसो. आठवडाभर कपडे कोरडे राहिले की दोन तासांचे सव्वादोन करावेत, मग अडीच. माणूस शुद्धीवर असेल आणि सांगितलेले त्याला समजत असेल, तर कळ आल्यावर एकदम न उठता, लघवी रोखून धरतो तसे खालचे स्नायू पाच-दहा सेकंद आवळून कळ ओसरू द्यावी. हे स्नायू आवळण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्यावा.

याने सगळे बरे होतात, असे मी म्हणणार नाही. २०१९ साली कॉक्रेन संस्थेने या विषयावरील २० चाचण्यांचा आढावा घेतला. सवयीच्या अशा उपायांनी कपडे ओले होण्याच्या वेळा कमी होऊ शकतात, पण पुरावा अजून भक्कम नाही, असे त्यात दिसले. तरीही वही आणि घड्याळ यांना खर्च नाही आणि त्यांचा अपाय नाही. पिशवी शांत करणाऱ्या गोळ्या मिळतात, पण त्यांपैकी काहींनी वृद्धांना भ्रम होतो, तोंड कोरडे पडते, शौचाला घट्ट होते. मेडिकलमधून परस्पर आणून त्या देऊ नयेत.

एक चूक घरोघरी होते. कपडे ओले होऊ नयेत म्हणून पाणी तोडतात, आणि कित्येकदा संकोचापोटी रुग्ण स्वतःच पाणी सोडतो. लघवी दाट होते, आग करते, पोट साफ होत नाही आणि त्रास वाढतो. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारासाठी डॉक्टरांनी पाणी मोजून दिले नसेल, तर दिवसभरात दीड ते दोन लिटर द्रव पोटात गेले पाहिजे. त्यातले बहुतेक संध्याकाळपर्यंत द्यावे, आणि चहा-कॉफी कमी करावी.

घरातही थोडे बदल करावे लागतात. आपल्याकडचा उकिडवे बसण्याचा संडास लकव्याच्या माणसाला झेपत नाही. कमोड-खुर्ची विकत मिळते, नाहीतर सुतार जुन्या लाकडी खुर्चीला भोक पाडून खाली भांडे बसवून देतो. पुरुषांसाठी खाटेजवळ लघवीचे भांडे ठेवावे. नाडीऐवजी इलॅस्टिक घालावे, रात्री बारीक दिवा ठेवावा, म्हणजे घाईत पडणे टळेल. ज्याची वाचा गेली आहे त्याच्या चांगल्या हाताशी घंटी द्यावी. डायपर प्रवासाला किंवा रात्रीपुरता जरूर वापरावा, पण ओला तसाच ठेवला तर कातडी सोलवटते आणि पुढे जखम होते.

आता थोडे कटू बोलतो. हे सगळे काम आपल्या घरांत बायकोवर किंवा सुनेवर पडते. मुलगा औषधे आणतो, बिल भरतो, आणि सासऱ्याचे कपडे सून बदलते. त्या वृद्धाला मेल्याहून मेल्यासारखे होते आणि त्या बाईची अवस्था कोणी विचारीत नाही. वडिलांना कमोडवर बसवणे हे मुलाचेही काम आहे. ते त्याने रुग्णालयात सिस्टरांकडून शिकून मगच घरी यावे. ओल्या कपड्यांवरून रुग्णाला चारचौघांत बोलू नये. ज्याने आयुष्यभर घर चालवले, त्याला लहान मुलासारखे हिणवले की तो खोलीबाहेर यायचे सोडतो, व्यायामही सोडतो.

थंडी वाजून ताप आला, लघवीत रक्त दिसले, किंवा ओटीपोट फुगून लघवी अडली, तर वेळापत्रक बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठावे. बाकीच्यांनी पुढच्या तपासणीला जाताना तीन दिवसांची ती वही बरोबर न्यावी आणि डॉक्टरांपुढे प्रथम तीच ठेवावी. तोंडाने सांगायला संकोच वाटला, तरी वहीतून विषय निघेल.